सव्वा मूठ

दूध घेऊन पांझरेच्या पुलावरून देवपूरकडे परतताना अभिमन नानांना फोन आला, आणि फोन संपला तेव्हा दुधाची पिशवी हातात आहे की पडली हेही त्यांना समजेना. पिशवी हातातच होती. बोटं पांढरी पडेपर्यंत धरलेली होती. त्यांचा पुतण्या नवल गेला होता.

आखातातल्या कुठल्याशा अर्धवट इमारतीची परांची कोसळली आणि तिच्याबरोबर नवलही. सांगणारा वना साक्रीकडचा, नवलच्याच खोलीत राहणारा. तो रडत रडत अर्धं बोलत होता, अर्धं गिळत होता. "नाना, तठे खाटबी नव्हती वं. आम्ही त्याले त्यानीच चटईवर निजाडं."

नानांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "कोनले सांगू नको. सोमवारपावत घरमा कोनलेच फोन करू नको."

आपण हे काय बोललो, असं त्यांना फोन ठेवल्यावर वाटलं. बापाच्या जागी असलेला माणूस मरणाची बातमी ऐकून आधी रडतो, हा मात्र वार मोजत बसला. पण तो वारच तसा होता. आज शनिवार, खानदेशाच्या देवीच्या, कानबाईच्या, रोटांचे गहू काढायचा दिवस. उद्या रविवारी कानबाई बसणार, सोमवारी सकाळी बाया तिला डोक्यावर घेऊन, नाचत, याच पांझरेत वळवायला, म्हणजे विसर्जनाला, आणणार. सुरतेहून चुलतभाऊ झुलालचं सगळं बिऱ्हाड काल संध्याकाळीच उतरलं होतं. जळगावहून मुलगा प्रेमराज गाडी घेऊन निघाला होता. खानदेशी माणूस दिवाळीला गावी आला नाही तरी चालतं, पण कानबाईला आला नाही तर भाऊबंद वर्षभर त्याला सोलून काढतात.

रोटांचा कायदा मोठा कडक. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे. मग तो म्हातारा असो, पाळण्यातला असो, सुरतेला असो की समुद्रापार असो. नाव घ्यायचं, भरून मूठ काढायची, वर थोडे दाणे टाकायचे, की झाली सव्वा. ते सगळे गहू एकत्र दळायचे आणि त्या पिठाचे रोट घरच्यांनीच खायचे, परक्याला घासही द्यायचा नाही. जिवंताची मूठ चुकवली तर त्याचं आयुष्य तुटतं, आणि मेलेल्याची काढली तर रोट बाटतात. सुतकात तर कानबाई बसतच नाही. आणि दूरदेशीच्या मरणाचं सुतक कानावर पडल्यापासून लागतं, असं नानांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. म्हणजे या घडीला अख्ख्या भाऊबंदात सुतक लागलं होतं ते एकट्या नानांना. आणि वडील माणूस म्हणून गहू काढायचे होते तेही त्यांनीच.

देवाधर्माचं हे कारण खरंच होतं, पण ते वरवरचं. आतलं कारण असं, की नानांना कोकिळेसमोर उभं राहायची भीती वाटत होती. कोकिळा नवलची बायको. नवलला तिकडे धाडायला तिचा नकार होता आणि नानांचा होकार, आणि घरात चालतं ते नानांचं.

नवल धुळ्यातल्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. हात असा की बंद पडलेलं यंत्र नुसतं कान लावून चालू करावं. मग कुठल्याशा सरकारी हुकमाने परदेशी कापसाच्या गाठी बिनजकात उतरायला लागल्या. सूतगिरण्यांना त्या स्वस्त पडल्या, आणि इथलं जिनिंग हंगामभर धडधडायचं ते दोन महिन्यांत गप्प व्हायला लागलं. नवलला मालकाने हात जोडून घरी बसवलं. त्याच सुमारास दुसरा एक करार झाला आणि आखातात जाणाऱ्या मालावरची तिकडची जकात उतरली. तिथे मात्र नानांच्या घरी साखर वाटली गेली. कारण नानांचा मुलगा प्रेमराज जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया विणायचा कारखाना चालवतो आणि त्याचा माल तिकडेच जातो. त्याने दोनाचे चार माग केले, पिंप्राळ्यात बंगला बांधला. एकाच घराला एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं. पेपरवाले याला काय म्हणतात ते म्हणोत. नाना म्हणायचे, "जमीन तीच, पाट फिरना."

नवलने प्रेमराजकडे काम मागितलं होतं. याच ओसरीवर, नानांच्या देखत. प्रेमराज खाली बघत म्हणाला, "नवल, तू घरचा. तुला बारा तास उभं करू का मी? माझी बिहारची पोरं शेडमध्येच राहतात, शेडमध्येच जेवतात, सणाला घरी जायचं नाव काढत नाहीत. तू कानबाईला तीन दिवस सुट्टी मागशील. नाही म्हणता येणार नाही, आणि हो म्हणता येणार नाही." यावर नवल हसला होता. नानांनी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मुलाचा धंदा नुकताच बहरात आलेला, त्यात खोडा कशाला, म्हणून ते सुपारी कातरत बसले. बिहारच्या पोरांनी नवलची जागा घेतली, आणि नवलने तिकडे जाऊन आणखी कुणाची तरी घेतली असणार. पुढे दोन सरकारांनी माणसं धाडायचाही करार केला. त्यात म्हणे सगळं लिहिलेलं होतं, कामाचे तास, खोली, औषधपाणी. एजंट नको, दलाली नको. नाना म्हणाले, "जाय बेटा, सरकारनं काम शे." कोकिळा दाराआडून म्हणाली, "नका धाडू, नाना." पण ते कुणी ऐकलं नाही.

तिकडून नवलने एकदा व्हिडिओवर खोली दाखवली होती. आठ माणसं, आठ चटया. त्यातली एक उचलून त्याने मोबाइलसमोर धरली, लाल-हिरवी, मोर काढलेली. "प्रेमराजभाऊ, वयखी का? तुनाच मोर शे. इतला लांब ईसन तुनाच मालवर निजस मी!" सगळं घर हसून हसून लोळलं होतं.

नाना घरी पोचले तेव्हा दारात प्रेमराजची गाडी उभी होती, आणि तो पाहुण्यांना बसायला आणलेल्या नव्या कोऱ्या चटया ओसरीवर अंथरत होता. लाल-हिरव्या. प्रत्येकीवर मोर. नानांचे पाय उंबऱ्याशीच थांबले.

"बस ना नाना. एक्स्पोर्टचा माल आहे, टोचणार नाही," प्रेमराज म्हणाला.

"मी खाल बसस," म्हणत नाना फरशीवर टेकले.

त्यांच्या बायकोने, कमलबाईंनी, दुधाची पिशवी हातातून घेतली. "काय वं, तोंड काबरं उतरेल शे तुमनं?"

"ऊन लागनं."

"आभाय भरेल शे नि ऊन लागनं!" कमलबाईंना नवऱ्याचं खोटं पकडायची जुनी सवय. पण आज कामाचा डोंगर पुढे होता, तेव्हा त्यांनी सोडून दिलं. सगळ्याच बाया नुसत्या धावत होत्या. नवलची आई लिलाबाई चौरंग पुसत होती. मुलाच्या पैशातून कानबाईला यंदा नवी नथ आणली होती, ती येईल त्याला दाखवत होती. एक कोकिळा तेवढी कशातच नव्हती. ती मागच्या पडवीत कोपऱ्यात, भिंतीला टेकून बसली होती.

"तिले आजच अडचण उनी," कमलबाई कुरकुरल्या. "वरीसना सन, नि नेमकी आजच! आते पाच दिवस हात लावता येवाव नही. बठ्ठं मनाच गयामा."

नानांना बरंच वाटलं. ती दूर बसली, म्हणजे तिच्याशी बोलावं लागणार नाही. ओसरीतून पडवी सरळ दिसत होती, तेवढं सोडलं तर सगळं सोयीचं होतं. आपण काय विचार करतोय हे ध्यानात येऊन त्यांना स्वतःची किळस आली.

ओसरीच्या मधोमध पांढरं धोतर अंथरून त्यावर गव्हाची रास घातली. बाजूला कोरी टोपली. पुरुष माणसं चटयांवर गोल करून बसली. झुलालने सुरतेच्या मंदीचं रडगाणं लावलं होतं, ते थांबवून तो म्हणाला, "चाला नाना, करा सुरू."

नानांनी उजवा हात पुढे केला आणि मागे घेतला. या हाताला सुतक होतं.

"यंदा हात दुखी राह्यना मना. मूठ वयत नही. प्रेमराज, तू काढ. मी नाव लेस."

"मी?" प्रेमराज चपापला. वडील बसलेले असताना धाकट्याने रोटांच्या गव्हाला हात घालायचा, असं कधी झालं नव्हतं. कमलबाई स्वयंपाकघराच्या दारातून नानांच्या हाताकडे बघत राहिल्या. याच हाताने सकाळी दुधाची पिशवी आणली होती.

निम्मं संकट टळलं, असं नानांना वाटलं. उरलेलं निम्मं नावात होतं.

"अभिमन," त्यांनी स्वतःचं नाव घेतलं. प्रेमराजने मूठ भरून टोपलीत टाकली, वर थोडे दाणे सोडले. "झुलाल." मूठ. झुलालचे मुलगे, नातू. मूठ, मूठ. नाना सावकाश नावं घेत होते. एरवी हे काम ते भराभर उरकत.

आधी वडील माणूस, मग चुलत घर, मग वडील माणसाची पोरं आणि शेवटी धाकट्या भावाची शाखा, हा क्रम. धाकटा भाऊ हिलाल, नवलचा बाप, ऐन तिशीत गेला होता. त्या वर्षी नानांच्या वडिलांनी गहू काढले आणि हिलालचं नाव ओलांडून पुढे गेले. लिलाबाई तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसली होती. आणि एवढासा नवल सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मना बापनी मूठ ऱ्हायी गयी." पुढल्या वर्षी त्याने विचारलं नाही. गव्हातून एकदा नाव गेलं की ते कायमचं जातं. नवलला मुलगा नव्हता, एक मुलगी होती. म्हणजे नवलचं नाव गेलं की हिलालची सगळी शाखाच टोपलीतून जाणार होती.

"प्रेमराज," नाना म्हणाले. मूठ. प्रेमराजचा मुलगा. मूठ.

आता नवल.

ओसरीत शांतता नव्हती, पोरं ओरडत होती, आत पाटा वाजत होता, तरी नानांना स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. नाव घेतलं तर जाणूनबुजून मेलेल्याची मूठ काढायची आणि सगळ्या घराला बाटलेले रोट खाऊ घालायचे. नाही घेतलं तर सगळं उघडं पडणार. घसा खाकरून ते म्हणाले, "झायं. उचला टोपली."

"झायं?" लिलाबाई चौरंग सोडून दारात आली. "नवलनी मूठ?"

"तो समुद्र वलांडीसन जायेल शे. समुद्रापारनी मूठ काढतस नही."

घराण्याच्या इतिहासात नसलेला हा नियम नानांनी जागच्या जागी घडवला होता. वडीलधाऱ्यांना तेवढी सवलत असते, पण ती पचावी लागते.

"मागला साले काढेल व्हती की!" लिलाबाईचा आवाज चढला. "तुम्हीच काढी, तुमना हातवरी! मना आंडोर जित्ता शे नि तुम्ही त्यानी मूठ चुकाडतस? ही नथ कोना पैसानी शे, नाना? काय वंगाय करं मना नवलनी तुमनं?"

झुलालने चटईवरच्या मोराकडे नजर लावली. प्रेमराजला वाटलं, म्हातारा चिडलाय कशावरून तरी. त्याने वातावरण हलकं करायला हसून म्हटलं, "जाऊ दे ना काकू. नवल तिकडे खजूर खातोय मजेत. त्याला काय रोटांचं? आला की दोन मुठी काढू."

नानांना राहवेना. सांगून टाकावं आता, एकदाच. त्यांनी तोंड उघडलंही.

"नाना."

आवाज पडवीतून आला. कोकिळा उभी राहिली होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती भाऊबंदांच्या बैठकीत एक शब्द बोललेली नव्हती. दाराआडून बोलली होती ती एकदाच, आणि ते कुणी ऐकलं नव्हतं. आज ती दाराआड नव्हती. सगळ्यांच्या देखत, डोक्यावरचा पदर नीट धरून, पण पडवीची कड न ओलांडता उभी होती.

"नाना, तेस्नी मूठ काढा."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. तिचं कुंकू जागेवर होतं. डोळे कोरडे होते, पण रात्रभर न मिटलेले. ती विनवत नव्हती. काही विचारतही नव्हती. हिला सगळं माहीत आहे, हे नानांना त्या क्षणी कळलं.

ते तिच्याकडे बघत राहिले. तिनेही नजर खाली घेतली नाही.

"नवल," नाना म्हणाले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाले, "नवल हिलाल."

प्रेमराजने गव्हात हात घातला आणि घाईने मूठ काढली. अर्धीमुर्धी. बोटांतून दाणे निसटून मोरावर सांडले.

"मूठ भर!" नाना ओरडले. असे, की आतला पाटा थांबला. "कंजुशी कोठे करस रे? देवाना वखतबी आखडता हात, नि आतेबी? भर मूठ! सव्वा भर! तुना बापनी आन शे तुले!"

प्रेमराजचा चेहरा उतरला. सगळ्यांसमोर बापाने असं कधी झापलं नव्हतं, आणि मूठभर गव्हासाठी तर नाहीच. पण काम देताना हात कधी आखडता घेतला होता, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने मूठ रिकामी केली, पुन्हा राशीत मनगटापर्यंत हात घातला, आणि भरभरून मूठ काढून टोपलीत सोडली. वर दाणे टाकले. नानांनी आणखी टाकायची खूण केली, त्याने आणखी टाकले.

लिलाबाईने डोळे पुसले. "आस्सं," ती म्हणाली आणि नथ चमकवायला आत गेली. कमलबाईंनी टोपली उचलली, गव्हातून हात फिरवून सगळे दाणे सारखे केले आणि प्रेमराजला हाक मारली. गिरणीवाल्याने रोटांसाठी जातं धुऊन ठेवलं होतं. उशीर नको.

नाना उठले. गुडघे दाबत, भिंत धरत मागे पडवीत गेले. कोकिळा पुन्हा कोपऱ्यात बसली होती. नाना तिच्यापासून चार हात दूर उभे राहिले.

"तुले कोनी सांगं?"

"कोनीच नही. काल सांजले तेस्ना फोन उना नही. मी लावा. वनाभाऊनी उचला." ती हातातली बांगडी फिरवत होती. "बोलना काहीच नही. नुसता रडत ऱ्हायना."

"मंग ही अडचण…"

"अडचण काही नही शे. कानबाईले मना हात लागाले नको, म्हनीसन दूर बसनी."

नानांना आपला दुखरा हात आठवला. दोघांनी एकच खोटं दोन तऱ्हेने केलं होतं, एकाच घरात, एकमेकांपासून लपवून. ते खाली बसले. मघाशी फरशीवर बसले होते तसेच.

"माले माफ कर, माय. मी त्याले धाडा. घरनं काम घरमा देता येतं, मी तोंड उघडं नही." नाना रडत होते, आणि आवाज होऊ नये म्हणून उपरणं तोंडावर धरलं होतं. "पन तू… तू कालदिस पासून एकलीच… सांगं काबरं नही?"

कोकिळेने ओसरीकडे पाहिलं. प्रेमराज टोपली डोक्यावर घेऊन फाटकाबाहेर पडत होता. टोपलीत सगळ्यांचे गहू एकत्र होते. त्यातले नवलचे आता कोणाला वेगळे काढता आले नसते.

"सांगी देतू, ते तेस्नी मूठ निघती का, नाना?"

नानांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"सोमवारले कानबाई वयाडी आनू. मंग आत्याबाईले, तेस्नी मायले, मीच सांगसू. तुम्ही नका सांगू." एवढं ती धडपणे बोलली. मग गिरणीच्या रस्त्याला लागलेल्या प्रेमराजची पाठ दिसेनाशी झाली, आणि तिने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. तिचं सगळं अंग हलायला लागलं.

आतून लिलाबाईची चाहूल लागली. ती सुनेला नथ दाखवायला येत होती. नाना भिंत धरून उठले आणि कोकिळेच्या व दाराच्या मधे जाऊन उभे राहिले.